सरावाचा रुग्ण

जयनगरच्या आमच्या रुग्णालयात नवी संगणक प्रणाली येणार होती. सरावाचा धडा संध्याकाळी पाचपर्यंत पूर्ण झाला नाही, तर उद्यापासून लॅबमध्ये पाय ठेवायचा नाही, असं मला बजावलं होतं.

धड्यात एकच खोटा रुग्ण होता. त्याचा रिपोर्ट पाहायचा, डॉक्टरांना पाठवायचा आणि त्याची नोंद बंद करायची. सगळ्यांच्या पडद्यावर त्याचं पोटॅशियम ४.१, म्हणजे नॉर्मल होतं. माझ्या पडद्यावर ५.८.

मी तातडीचा शेरा लिहून रिपोर्ट पाठवला. उत्तर आलं नाही. धडा पुन्हा उघडला, तेव्हा ६.४ होतं. मग ७.१. पोटॅशियम असं चढत गेलं की हृदय थांबतं, हे मी वीस वर्षं पाहत आले आहे.

“अक्का, बंद करा की त्याला!” शिकवायला आलेले विनोदकुमार त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले आणि हसले. “स्वल्प घाई करा.”

“कुणातरी डॉक्टरांना कळवा हो.”

“कुणाला कळवू? सरावाचे रिपोर्ट कुठेच जात नाहीत. हा माणूसच नाही, अक्का.”

मी पुन्हा पाठवला. ७.६. पुन्हा पाठवला.

पाच वाजले. “सरी, ठीक आहे, मीच करतो,” म्हणत विनोदकुमारांनी माऊस ओढून घेतला आणि बाण नोंद बंद करायच्या बटणावर नेला.

तेवढ्यात पडद्यावर नव्या तपासणीची मागणी आली. पोटॅशियम, तातडीनं. मागणी करणाऱ्याच्या रकान्यात नेहमी डॉक्टरांचं नाव असतं.

तिथे लिहिलं होतं, रुग्ण स्वतः.

विनोदकुमारांनी तोवर बटण दाबलं होतं.