गुहागरचा माणूस आणि सूर्यास्त

"सूर्यास्तासाठी डोंगरापलीकडचा किनारा बघा," हॉटेलवाल्या बाई सांगत होत्या. मलाही तिथेच जायचं होतं. पण ह्यांना समोरचा शांत किनारा आवडला होता. "समुद्र म्हटला की सूर्य त्यातच बुडणार. गुहागरच्या माणसाला कोणी शिकवू नये."

ग्रीसमधल्या बेटावरची आमची शेवटची संध्याकाळ. तीस वर्षं पुढे ढकललेली सहल, आणि सूर्यास्त तेवढा बघायचा राहिला होता. पाण्याकडे तोंड करून आम्ही वाळूत बसलो. हळूहळू आमच्याच सावल्या लांबत पाण्यापर्यंत गेल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मागे वळून पाहिलं, तर सूर्य डोंगराआड चालला होता.

मी ह्यांना कोपराने खुणावलं. सूर्य गेल्यावर हे चपला शोधत पुटपुटले, "तुझं ऐकायला हवं होतं." बत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य प्रथमच ऐकलं.

उठणार, तोच पाण्याच्या रेघेवर तांबूस उजेड फुटला. समुद्रातून पौर्णिमेचा चंद्र वर येत होता. गुहागरच्या समुद्रात चंद्र फक्त मावळतो.

"ठेवा त्या चपला," मी म्हटलं. "नाही ऐकलंत तेच बरं झालं."