कोकराचे दात

रस्त्याची खडी चोरणाऱ्या ठेकेदाराला पळवून लावणारा मेंढपाळ यंदा कोकरांच्या स्पर्धेचा पंच होता. वर्षाच्या आतलीच कोकरं चालतील, हा नियमही त्याचाच. सगळ्यांत देखणं कोकरू निघालं त्याच्याच थोरल्या बहिणीचं. आईमागे तिनंच या धाकट्या भावाला वाढवलं होतं, पण रुसली की ती वर्षभर बोलत नसे. त्यानं कोकराचा खालचा ओठ ओढला. दुधाच्या दातांत दोन मोठे दात दिसले. म्हणजे वर्ष कधीच उलटलेलं. “कडेवर घेऊन फिरवलंय तुला,” ती पुटपुटली. “सोड रे, घरचंच आहे,” स्पर्धेच्या अध्यक्षांनी डोळा मारला. “घरचं म्हणून सोडायचं, तर ठेकेदारानं काय घोडं मारलं होतं?” म्हणत त्यानं कोकरू बाद केलं. बहीण कोकरू ओढत निघाली, फाटकाशी वळली. “जेवायला ये वेळेवर. आणि ताटात काही कमी पडलं, तर तेही असंच चारचौघांत सांग!”