खाचर फिरवा

उपेंद्र मास्तरांनी चित्रावरची चादर ओढली तशी ठकुबाई आधी लाजली, मग फुलली. दारात आलेल्या पाहुणीकडं बघावं तशी ती स्वतःकडंच बघत राहिली.

भादव्यात वेल्ह्याहून लेकीकडं भोरला आली असताना ती या चित्रासाठी मास्तरांच्या परसात आठ दिवस ओणवी उभी राहिली होती. चित्र मात्र तिला आजच बघायला मिळत होतं. गेनबा सुतार लाकडी खोकं आणि खिळे घेऊन दारात बसला होता. उद्या सकाळच्या मोटारीनं चित्र कापूरहोळवरून पुण्याच्या प्रदर्शनाला जायचं होतं.

काय काढलं होतं मास्तरांनी! मागं ढगात अर्धा बुडालेला तोरणा, भाताच्या खाचरात ओळीनं वाकलेल्या पाच बाया, डोईवर पावसाची इरली, आणि सगळ्यांत पुढं ठकुबाई. पुढ्यातल्या गढूळ पाण्यात तिचं तोंड पडलेलं, कपाळावरच्या गोंदणासकट. ते तोंड साधायला मास्तरांना दोन महिने लागले होते. बक्षीस मिळालं तर त्या पाण्यालाच मिळेल, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले होते.

बघता बघता ठकुबाईचं हसू उतरलं. तिनं जवळ जाऊन बायांच्या पायांमागं बघितलं. मागं सगळं खाचर लावून हिरवंगार झालेलं, आणि पुढं नुसता चिखल.

"मास्तर, आमी कुटं निगालोय ह्यात?"

कुठं म्हणजे, मास्तर म्हणाले, रोप लावत लावत पुढं येताय.

दारात गेनबा उगाच खोकला. ठकुबाईनं कपाळाला हात लावला. आता या शिकल्या-सवरल्या माणसाला काय सांगावं! भात लावणारी बाई जन्मात पुढं चालत नाही. लावलेलं तोंडासमोर ठेवायचं, चिखल पाठीशी घ्यायचा आणि एकेक पाऊल मागं सरायचं. पुढं पाऊल टाकलं की आपलंच रोप आपल्याच पायाखाली. वेल्ह्याकडच्या शेंबड्या पोरीलाही ते कळतं. मास्तर लावणी बघायला वेल्ह्याला आले होते खरे, पण बांधावर छत्री धरून उभे राहिले दोन घटका. पावसानं झोडपलं तसे घरात पळाले. पुढचं सगळं या कोरड्या परसात झालं. तिथं ना रोप ना चिखल. पाय कुणीकडं चाललेत हे ठकुबाईला तरी कसं कळावं?

मास्तर आधी चिडले. मग त्यांनी गेनबाला विचारलं, ही म्हणते ते खरं का. गेनबा खाली मान घालून म्हणाला की खोक्याचं माप घ्यायला आला त्या पहिल्या दिवशीच त्यानं बघितलं होतं, पण मोठ्या माणसाला सांगणार कोण. मास्तरांचा चेहरा पडला. तरी ते म्हणालेच, "पुण्यात हे कोणाला कळणार आहे, ठकुबाई?"

"पुन्याची मानसं भात खात न्हाईत व्हय?"

मास्तरांनी तिला परोपरीनं समजावलं. आता हात लावला तर रंग वाळायला पंधरा दिवस लागतील. ओल्या चित्रावर खोकं ठोकता येत नाही, आणि प्रदर्शन चुकलं की वर्ष गेलं. यंदा असंच जाऊ दे.

ठकुबाईला त्यांची कीव आली, पण ती बधली नाही. वीस वर्षं गावाच्या लावणीत पहिली जागा तिची. दोरी न धरता तिची ओळ सुतात. नव्या सुनेनं रोपांचा एक चूड तुडवला तरी तिला दिवसभर बांधावर उभी करणारी ही बाई. आणि इथं तिचंच तोंड, तिचंच गोंदण, आणि अख्खं खाचर तिनं तुडवलेलं! मेल्यावरसुद्धा भिंतीवर ती तुडवतच राहणार होती.

"तोंड पुसा माजं," ती म्हणाली, "न्हाईतर खाचर फिरवा."

मास्तरांनी रंगाची पेटी उघडली. मग त्यांनी बाह्या वर केल्या. बायांच्या मागचं हिरवं त्यांनी चिखलाच्या रंगानं झाकून टाकलं, एकदाही न थांबता. पुढ्यातल्या पाण्यापाशी आले तेव्हा मात्र हात अडला. हे तोंड जाईल, ते म्हणाले, पुन्हा असं साधायचं नाही मला.

ठकुबाईनंही पाण्यातलं तोंड एकदा डोळे भरून बघून घेतलं. घरी तिच्या वितीएवढा आरसा, तोही तडकलेला. एवढं मोठं, एवढं देखणं तोंड तिनं स्वतःचं कधी बघितलंच नव्हतं. जिवाला चटका बसला तिच्या.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "वर हाय की खरं."

मग ती खाली बसली आणि सांगत गेली. चार काड्यांचा चूड, मूठभर नाही. दोन चुडांत वीतभर अंतर. ओळ जरा वाकडी गेली की ती च्यक् करायची, आणि मुंबईला पाच वर्षं शिकून आलेले मास्तर निमूट पुसून पुन्हा लावायचे. पाण्यातलं कपाळ गेलं, नाक गेलं, हनुवटी गेली. तिथं आता रोप उभं होतं, असं सरळ की ठकुबाईची मान आपोआप ताठ झाली.

एक ओळ झाली की मास्तर एक पाऊल मागं सरायचे आणि मान तिरकी करून बघायचे. पुढं जाऊन दुसरी ओळ लावायचे, की पुन्हा मागं, आणखी एक पाऊल. त्यांच्या टाचेला लागेल म्हणून गेनबानं ते खोकं मुकाट्यानं उचलून दाराबाहेर नेऊन ठेवलं.

ठकुबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. काय झालं, मास्तरांनी मागं सरता सरता विचारलं.

"जन्मभर मागं सरून काम करता," ती म्हणाली, "आन आमालाच पुढं चालवलंत व्हय?"