मागची सीट

ड्रायव्हरच्या मागची सीट टोळीच्या दादाची. तिथे बसायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती. आज दादा खाली यायच्या आत त्याचा उजवा हात, लंबू, गाडीत डोकावला.

"तुझी सीट पुढे घे. मागे पाय मावले पाहिजेत," ड्रायव्हरला एवढंच सांगून तो निघून गेला.

ड्रायव्हरने मुकाट्याने सीट पुढे घेतली. त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.

दादा येऊन बसला. गडी तसा बुटकाच. त्याने पाय पसरले, आणखी पसरले, तरी पुढच्या सीटला लागेनात.

"लंबू कुठाय रे?"

"पुढे गेलाय. गोदामात वाट बघतोय तुमची."

दादाने पुढे सरकवलेल्या सीटकडे पाहिलं.

"माझ्या आधीचे दादा, आपले वस्ताद, चांगले धिप्पाड होते. तेव्हाही तू असाच अंग चोरून बसायचास. सीट मागे घे, ऐसपैस बस, असं तुला कोण म्हणालं होतं?"

"तुम्हीच."

"कधी?"

"वस्तादांना गोदामात नेलं, त्या सकाळी. येताना मागे तुम्ही होतात."

दादाने पसरलेले पाय हळूच जवळ घेतले. ड्रायव्हरने गाडी गोदामाकडे वळवली.