रुकैयाआपांची शिकवणी

"सोडू नकोस हं, बेटी," रुकैयाआपा म्हणाल्या.

कारिननं मागून सीट घट्ट धरली होती आणि ती सायकलीबरोबर पळत होती. कतारमधल्या अल सद्द भागातल्या त्यांच्या इमारतीमागं मोकळं मैदान होतं. शुक्रवारची सकाळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शिकवणी सुरू होऊन महिना झाला होता, पण आपांची गाडी पुढं सरकत नव्हती. चार पावलं नीट जायच्या आणि डावीकडं कलायच्या.

कारिन एकेकाळी जर्मनीतली नावाजलेली सायकलपटू होती. उन्हाळ्यात डोंगरातल्या शर्यती, हिवाळ्यात चिखलातल्या. चिखलात अडथळा आला की सायकल खांद्यावर टाकून धावायचं आणि पुन्हा उडी मारून बसायचं. १९९९ साली एका उतारावर ती पडली. हाडं जुळली. डॉक्टरांनी खुशाल चालव म्हणून सांगितलं. पण हँडल धरलं की तिचे हात गार पडायचे. नवऱ्याला कतारमध्ये नोकरी लागली, तेव्हा तिथं डोंगर नाहीत या विचारानंच तिला हायसं वाटलं. तरी डोंगरातली आणि चिखलातली अशा दोन्ही सायकली तिनं बरोबर आणल्या. बाल्कनीत चादरीखाली त्या तशाच उभ्या होत्या.

शेजारच्या रुकैयाआपा मूळच्या रत्नागिरीच्या. मुलाकडं, मुदस्सिरकडं राहायला आलेल्या. एकदा घरी वाफवलेली सांदणं द्यायला आल्या आणि त्यांनी चादर उचलून बघितली. त्यांचं हिंदी आणि कारिनचं इंग्रजी कसंबसं अर्ध्या वाटेत भेटायचं. सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मला शिकव."

दर शुक्रवारी आपा दोन्ही सायकली खाली आणायला लावायच्या. मुदस्सिर चाकांत हवा भरून द्यायचा. "तू बसून दाखव ना एकदा," आपा म्हणायच्या. कारिन म्हणायची, "आज गुडघा दुखतोय." आपा पुन्हा विचारायच्या नाहीत.

आज वळणावर कारिनचा पाय रेतीत घसरला आणि सीट हातातून सुटली. आपा पडल्या नाहीत. सरळ गेल्या. मैदानातून बाहेर, रस्त्यावर.

"ब्रेक, आपा, ब्रेक दाबा."

सायकल थांबेना. पुढून पाण्याचा टँकर येत होता.

कारिन मागं फिरली, भिंतीला टेकवलेली दुसरी सायकल ओढली आणि पळता पळताच तिच्यावर उडी घेतली. मैदानाच्या कोपऱ्यातून रस्ता जवळ होता, पण तिथं बांधकामाच्या रेतीचा ढीग होता. ती उतरली, सायकल खांद्यावर टाकली, ढीग ओलांडला, पुन्हा बसली. हात गार पडलेत की नाही, हे बघायला तिला सवडच नव्हती.

टँकर धडधडत निघून गेला. त्याच्या मागं रस्त्याच्या कडेनं आपा दिसल्या. संथ चालल्या होत्या. कारिन धापा टाकत त्यांच्या शेजारी आली.

आपांची ओढणी घसरली होती. त्यांनी एक हात हँडलवरून काढला, ओढणी खांद्यावर नीट घेतली आणि हात पुन्हा हँडलवर ठेवला. पुढचं चाक जरासुद्धा हललं नाही.

थोडा वेळ दोघी शेजारी शेजारी चालवत राहिल्या.

"आपा, तुम्हाला सायकल कधीपासून येते?" कारिननं विचारलं.

"शाळेत होते तेव्हापासून," पुढं बघतच आपा म्हणाल्या. "पण तुला कसं बसवायचं, तेच सुचत नव्हतं."