नवा वॉशर

सावळाराम काल्हेरच्या गोदामाचा राखणदार. सेठ खरी बंदूक देईना, म्हणून त्याने मुंबईच्या बाजारातून गॅसवर प्लास्टिकच्या गोळ्या उडवणारं खेळण्यातलं पिस्तूल आणलं; त्यातल्या त्यात खऱ्यासारखं दिसणारं, वजनदार.

एका दुपारी एक चोर पिस्तूल रोखून आत शिरला. सावळारामनेही आपलं रोखलं. तेवढ्यात चोराच्या पिस्तुलातून फुस्स करत सगळा गॅस निघून गेला.

सावळारामचा जीव भांड्यात पडला. "वॉशर बदलला न्हाय वाटतं? मी आणला त्याच दिवशी बदलून घेतला," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

चोराने त्याचं पिस्तूल निरखून पाहिलं, मग आपलं खाली केलं.

"चोरी राहू दे, काका. तुमचा मिस्त्री कुठं बसतो?"