डाळिंबाच्या बागेचं वर्ष

सोजराबाई पुढच्या फोटोपाशी गेल्या, चष्मा सारखा करून जवळून पाहू लागल्या. सासूबाई फोटोत काय शोधताहेत, हे सारिकाला कळलं होतं.

शिरूरच्या सभागृहात सारिकानं काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं. इनामगावजवळच्या त्यांच्या डाळिंबाच्या बागेचं सगळं वर्ष भिंतींवर लागलं होतं. पाणी तोडल्यावर पानं गळून बोडकी झालेली झाडं, छाटणी, लालभडक फुलोरा, उन्हानं करपू नयेत म्हणून फडक्याखाली झाकलेली फळं, मग तोडणी. लोक थांबून थांबून बघत होते. सारिकाचं नाव विचारत होते.

त्या बागेत वर्षभर राबणाऱ्या सोजराबाई मात्र एकाही फोटोत नव्हत्या.

फोटो काढताना होत्या. सारिकानं त्यांना नंतर कापलं होतं. सोजराबाईंच्या गालावर आणि दोन्ही हातांवर कोड होतं. लग्नानंतर सारिकानं हौसेनं त्यांचा एक फोटो मोबाईलवर टाकला, तेव्हा खाली कुणीतरी लिहिलं, 'या हातानं तोडलेलं डाळिंब कोण खाणार?' सारिकाला राग यायला हवा होता. तिला लाज वाटली. तिनं तो फोटो काढून टाकला आणि पुढं प्रत्येक फोटोतून सासूबाईंना वगळत गेली. कुठं नुसता पदर कापला गेला, कुठं अख्खी बाई. तोडणीच्या फोटोत डाळिंबांनी भरलेलं क्रेट होतं, ते भरणारी नव्हती. आपण काही वाईट करतोय, असं तिला कधी वाटलंच नाही. फोटो देखणा दिसावा, एवढंच.

आज सोजराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. शेजारच्या गिताबाईंनाही आग्रहानं सोबत आणलं होतं. दोघींनी सगळ्या भिंती पाहून संपवल्या.

"सोजरे," गिताबाई म्हणाल्या, "समदी बाग हाय, आन् तू गं कुठंच कशी न्हाईस?"

सारिका खाली वाकून जवळच्या फोटोची चौकट सरळ करू लागली.

"मीच नको म्हणलं," सोजराबाई सहज बोलल्या. "ही लई मागं लागायची. मलाच बाई फोटूचं वावडं."

सारिका एकदाही मागं लागली नव्हती. आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटकेचीच इतकी लाज वाटली, की कानशिलं तापली. सासूबाईंकडं मान वर करून पाहायचा तिला धीर होईना.

तेवढ्यात प्रदर्शन भरवणाऱ्यांनी हाक मारली. पेपरात द्यायला फोटो हवा होता, घरच्यांनी एकत्र उभं राहायचं होतं. सारिका पुढं झाली. सगळ्या लोकांसमोर तिनं सासूबाईंचा हात धरला.

"आत्या, तुम्ही मधी उभ्या ऱ्हा."

सोजराबाईंनी हात हळूच सोडवून घेतला. त्या रांगेच्या टोकाला गेल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सारिकाच्या कानाशी वाकल्या. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. गवत काढायचं सांगावं, तसं त्या म्हणाल्या,

"मी कडंलाच बरी गं. मधी उभी ऱ्हायले, तर तुला कापता यायचं न्हाई."